तिसरी काच

व्लास्ताने कापडात गुंडाळलेली काच टेबलावर ठेवली, तेव्हा ह्रुबेश मास्तर चरबी लावलेला पाव खात होते. त्यांनी चावणं थांबवलं नाही.

"कुणाची?"

"तुमच्या भावाची. यब्लोनेत्सला जाऊन मागून आणली."

"त्या चोराची काच माझ्या टेबलावर नको."

"टेबल कारखान्याचं आहे, मास्तर."

तूर्नोवच्या त्या कारखान्यात सपाट काचा घासायचं काम चाले. घासलेली प्रत्येक काच मास्तरांच्या मूळ काचेवर, म्हणजे अगदी सपाट मानलेल्या मापाच्या काचेवर, ठेवून पिवळ्या दिव्याखाली बघायची. दोन काचांमध्ये हवेचा पापुद्रा राही. त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाकडून प्रकाशाच्या दोन लाटा परतत आणि एकमेकींना भिडत. उंचवट्यावर उंचवटा आला की उजेड, उंचवट्यावर खळगा आला की अंधार. त्या अंधाराचे काळे पट्टे काचेवर उमटत. पट्टे सरळ, तर काच पास. पट्टा शेजारच्या पट्ट्याच्या जागेपर्यंत वाकला, तर काचेत फुगवटा; केसाच्या जाडीचे दोनशे भाग केले तर त्यातल्या एकाहूनही कमी, पण फुगवटाच. अर्ध्या पट्ट्यापर्यंत चालवून घेत.

व्लास्ताची परीक्षेची काच मूळ काचेवर दोन पट्ट्यांइतका वाक दाखवत होती. नापास झाली तर तिला पुन्हा खालच्या खोलीत, ओल्या वाळूत भरड घासायला जावं लागणार होतं. आठ वर्षं तिथे तिची बोटं फाटली होती. म्हणून ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, की माझी काच सपाट आहे, फुगवटा मास्तरांच्या काचेत आहे. दोन काचा भांडल्या तर खोटी कोण, हे त्या दोघींवरून ठरत नाही. तिसरी लागते.

तिने आपली काच आणलेल्या काचेवर ठेवली आणि हात काढून घेतला. हाताच्या उबेनेसुद्धा काच फुगते. ती निवेपर्यंत दोघांना समोरासमोर उभं राहणं भाग होतं.

"तुझा नवरा का पळाला ते आता कळतंय," मास्तर म्हणाले.

"पळाला नाही, मी हाकलला. दिवसभर माझ्या चुका मोजायचा. तुमच्याशी छान जमलं असतं त्याचं."

"वाळूत पाठवतो तेव्हा ही जीभ चालव."

पट्टे स्थिर झाले. व्लास्ता वाकून बघत राहिली. एका पट्ट्याइतका वाक.

मास्तर हसले. पावाचा तुकडा त्यांच्या मिशीत अडकला होता. "झालं समाधान? त्या चोराच्या काचेनंसुद्धा तुला खोटं पाडलं."

"अजून एक जोडी राहिलीय. तुमची काढा."

"माझी कशाला?"

"घाबरता?"

मास्तरांनी मूळ काच पेटीतून काढली आणि भावाच्या काचेवर स्वतः ठेवली. पट्टे सावकाश थांबले. इथेही एका पट्ट्याइतका वाक, आणि तिन्ही जोड्यांत एकाच दिशेला.

व्लास्ताने मनात बेरीज मांडली. पुन्हा मांडली. दुसरं उत्तर येतच नव्हतं. मास्तरांची काच एक पट्टा फुगलेली. तिची काचही तेवढीच. दोघींचे मिळून ते दोन. फक्त भावाची काच सपाट.

तिने मान वर केली. मास्तरांचीही बेरीज झाली होती; ते दाराकडे बघत होते.

"कुणी पाहिलेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ही काच जिथून आणलीस तिथे देऊन ये. तुला मी पास करतो. उद्यापासून वरच्या खोलीत बस."

"आणि तुमची काच?"

"ती पेटीत राहील. वीस वर्षं राहिलीय."

व्लास्ताने फाटक्या बोटांनी कापडाची घडी चाचपली. वरच्या खोलीत शेगडी होती. तिथे बसून या माणसाच्या फुगलेल्या काचेवर दुसऱ्यांच्या काचा नापास करायच्या, आणि एवढं केल्याबद्दल जन्मभर त्याचे उपकार मानायचे.

"तुमच्याकडून मला पाणीसुद्धा नको," ती म्हणाली.

तिने आपली काच उचलली आणि फेकायच्या काचांच्या खोक्यात टाकली. मग मास्तरांची मूळ काच उचलली.

"हात लावू नकोस तिला."

तिने ती आपल्या काचेवर टाकली. टवका उडाल्याचा आवाज आला.

"उद्यापासून वाळू," मास्तर म्हणाले. "मरेपर्यंत."

"जाते. तुम्ही भावाला पत्र लिहा. आता मूळ काच म्हणून हीच उरली, आणि ही त्याची आहे; वापरायला परवानगी लागेल."