आमचा नंबर दिवाळीनंतर

चिठ्ठी आमच्या कस्तुरीनेच उचलली, त्यामुळे पुढे कुणाला दोष द्यायची सोय राहिली नाही.

मार्चमधला रविवार होता. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या आमच्या खेजडी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि सोनम नावाची एक मुलगी स्टीलच्या वाटीत दोन चिठ्ठ्या घेऊन उभी होती. अचानक हृदय बंद पडलेली माणसं कशी वाचतात, वाचल्यावर पुढे कशी जगतात, यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. तिने समजावून सांगितलं की ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी छाती दाबत राहिलं तर माणूस वाचू शकतो, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण इथल्या सोसायट्यांमधल्या सासवा, सुना आणि वॉचमन यांना शिकवून किती फरक पडतो, हे अजून कुणी मोजलेलं नाही. म्हणून निम्म्या सोसायट्यांना आत्ता शिकवायचं, निम्म्यांना दिवाळीनंतर, आणि मधल्या काळात दोन्हीकडे काय होतं ते पाहायचं. आमच्या जोडीला रस्त्यापलीकडचं रोहिडा अपार्टमेंट होतं.

लहान मूल पक्षपात करत नाही, असं म्हणून माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला, कस्तुरीला, पुढे केलं. तिने रोहिडाची चिठ्ठी काढली, म्हणजे आधी नंबर त्यांचा, आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

"म्हंजे दिवाळीपर्यंत आपल्या बाजूनं मरावं लागते," माझे सासरे म्हणाले.

सासरे म्हणजे शेषराव. मूळचे बडनेऱ्याचे, मालगाडीचे गार्ड म्हणून बदलीवर जयपूरला आले आणि इथेच रिटायर झाले. गेल्या वर्षी आग्र्याहून परतताना बस्सीजवळच्या एका ढाब्यावर त्यांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला आणि ते आडवे झाले. संकल्पने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणि मी ताबडतोब त्यांचे पाय चोळायला घेतले. ढाबेवाल्याने कांदा फोडून नाकाशी धरला. कुणीतरी चप्पल हुंगवायला सांगितली, ती कुणाची वापरायची यावर थोडी चर्चाही झाली. सुदैवाने शेजारच्या टेबलावर दोन नर्सबाई जेवत होत्या. त्यांनी कांदा, चप्पल आणि आम्हाला बाजूला सारलं आणि बाबांच्या छातीवर अशा तुटून पडल्या की दोन बरगड्या मोडल्या आणि माणूस परत आला.

बाबा अजूनही म्हणतात की त्यांना कांद्याच्या वासाने जाग आली.

घरी आल्यावर काही महिने त्यांना माझं नाव आठवायचं नाही. बडनेरा ते भुसावळ सगळी स्टेशनं मात्र ओळीने सांगायचे. सावनी आठवत नाही हे लपवायला ते 'सुनबाई' म्हणू लागले, आणि नाव परत आलं तरी सुनबाईच राहिली. आता ते बरे आहेत. गोळ्या घेतात, चालतात, टोमणे मारतात. बरी नाहीये ती मी. संकल्प सकाळी झालान्याच्या ऑफिसात जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर घरात मी, कस्तुरी आणि बाबा. कस्तुरी झोपली की तिच्यावर नजर ठेवायला जो कॅमेरा आणला होता, तो मी बाबांच्या खोलीत लावला. दुपारी ते पडले की मी पोळ्या लाटता लाटता मोबाईलवर त्यांची छाती वर-खाली होते का ते पाहते. त्यांना हे माहीत आहे. अधूनमधून डोळे न उघडताच ते कॅमेऱ्याला सांगतात, "चालू हाय, सुनबाई."

तर आमच्यासारखा नुसता तुलनेसाठी न शिकवता ठेवलेला नियंत्रण गट म्हणजे काय हे सोनमने मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. मी नाशिकला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलंय. चिठ्ठ्या टाकून गट का पाडायचे, या प्रश्नाला मला पूर्ण मार्क मिळाले होते. फक्त त्या उत्तरात माझे सासरे नव्हते.

रोहिडाचे वर्ग सुरू झाले. शिकायला एक रबरी पुतळा आला, कमरेपर्यंतच, टकला. पहिल्या दिवशी तिथल्या वयस्कर बायकांनी त्याला हात लावायला नकार दिला. परक्या पुरुषाची छाती, काय बोलता. मग रोहिडाच्या सेक्रेटरी मधुमतीजी यांनी तोडगा काढला. पुतळ्याला नागमोडी पट्ट्यांच्या लहरियाचा साफा, म्हणजे फेटा, बांधला, कपाळाला टिळा लावला आणि जाहीर केलं की हे आपले कंवरसा. कंवरसा म्हणजे इकडे जावई. जावई आडवा पडलाय म्हटल्यावर त्याला वाचवणं भागच होतं. बायका डोक्यावरून पदर पुढे ओढून त्याची छाती दाबू लागल्या आणि दाबून झाल्यावर त्याच्यापुढे घेवरची मिठाई ठेवू लागल्या. हे सगळं मी आमच्या बाल्कनीतून पाहत होते.

सोनमने आम्हाला काही मनाई केली नव्हती. फक्त रोहिडाच्या वर्गात बसू नका, एवढंच. व्हिडिओ मी रग्गड पाहिले. पण व्हिडिओ पाहून मला पोळ्यासुद्धा आल्या नव्हत्या. त्यात दर महिन्याला तिचा सर्वेक्षणाचा फोन यायचा: छाती दाबता येते का? मी नाही म्हणायची, आणि ती आनंदाने थँक्यू म्हणायची.

एप्रिलच्या मध्यावर मला उपाय सुचला. हृदय दिवाळीपर्यंत थांबायला तयार नसेल तर ते निदान योग्य जागी बंद पडावं. मी नाश्ता झाला की बाबांना टोपी, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र देऊन रस्ता ओलांडून रोहिडाच्या कडुलिंबाखालच्या बाकावर नेऊन बसवू लागले. आजूबाजूला चारही मजल्यांवर शिकलेली माणसं. बाबा वर्गात बसत नव्हते, नियम म्हणजे नियम. वर्ग त्यांच्यासमोर भरत होता. जेवायला त्यांना घरी आणताना मी झपाझप चालायची, कारण रस्ता कुठल्याच गटात नव्हता.

"घरची खुर्ची काय वाईट होती?" ते विचारायचे. मी म्हणायची, तिकडे हवा चांगली आहे. जयपुरात, मे महिन्यात.

हवा चांगली असल्याचं आमच्या सोसायटीत सगळ्यांना लगेच कळलं. आधी आमच्या सेक्रेटरींच्या मातोश्री आल्या, मग दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले काका, मग गुडघे बदललेल्या एक बाई आपली खुर्ची घेऊन. महिना संपेपर्यंत खेजडीतले झाडून सगळे म्हातारे सकाळी रांगेने रस्ता ओलांडायचे. त्यांना घोट-घोटभर पाणी देण्यापलीकडे रोहिडाच्या वॉचमनला दुसरं काम उरलं नाही.

एका सकाळी मधुमतीजी आमच्या दारात उभ्या. त्यांनी चहा घेतला, कस्तुरीच्या गालाला हात लावला, माहेर कुठलं ते विचारलं, आणि मग मान खाली घालून म्हणाल्या, "बुरा मत मानना, पर आपके बुज़ुर्ग हमारे यहाँ मरने के लिए बैठे रहते हैं।"

"मरने के लिए नहीं," मी म्हटलं, "बचने के लिए।"

त्यांना फरक पटला, पण बाकं परत हवी होती. त्यांच्या सोसायटीतली माणसं म्हणे आता खाली यायला घाबरतात. खाली उतरलं की कुणा ना कुणाची छाती दाबायची तयारी ठेवूनच उतरावं लागतं. गेल्या आठवड्यात बँकवाले काका डुलकी घेत होते, तर तीन बायका पदर ओढून त्यांच्याकडे धावल्या. काका जागे झाले म्हणून वाचले.

त्यानंतर सोनम आली. स्कूटीवरून, उन्हाने लालबुंद. तिचं म्हणणं मी आजवर ऐकलेल्या म्हणण्यांपैकी सगळ्यात शहाणं होतं. माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, जिथे पडतो तिथे नाही. उद्या बाबा रोहिडात पडले आणि रोहिडाने वाचवले, तर ते न शिकलेल्या खेजडीच्या खात्यात वाचलेले दिसणार. म्हणजे शिकवून काहीच उपयोग होत नाही असं सिद्ध होणार, आणि मग कुणाला शिकवायला पैसेच मिळणार नाहीत. सांगता सांगता तिचे डोळे भरले. ती जेमतेम पंचविशीची असेल. मी तिला लिंबूसरबत दिलं. बरोबर बोलत होती ती. माझ्या पेपरात मी हेच लिहिलं होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्राची घडी घातली. "सिग्नल लाल हाय त गाडी पुढं नाई जात," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्या खुर्चीत बसले. मला वाटतं त्यांना आनंदच झाला होता.

मी मात्र परत कॅमेऱ्यावर आले. दुपारी भाजी चिरताना, कस्तुरीला भरवताना, एक डोळा मोबाईलवर. आणि जूनमधल्या एका दुपारी मोबाईलवर नुसता पलंग दिसला. उशी होती, चादर होती, बाबा नव्हते.

मी धावले. ते खोलीत जमिनीवर होते. सतरंजीवर उताणे, डोळे मिटलेले, हात सरळ बाजूला. इतके व्हिडिओ पाहिले होते, सगळे पाठ होते, आणि मी गुडघ्यावर बसले ती थेट त्यांच्या पायाशी. दोन्ही हातांनी तळवे चोळायला लागले. जोरजोरात, बस्सीला चोळले होते तसे.

बराच वेळ त्यांनी चोळू दिले. मग म्हणाले, "पाय गरमच हायत, माय."

मी रडायला लागले. संतापाने, मला वाटतं. त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासऱ्यांना असं कुणी बोलत नाही. ते पडल्या पडल्या ऐकत होते. त्यांना मला घाबरवायचं नव्हतं, मला हाक मारायच्या आधी जमिनीवर झोपून पाहत होते म्हणे, कंबर धरते का ते. मी हुंदके आवरल्यावर त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या छातीच्या मध्यावर ठेवला.

"दीड महिना मी त्या बाकावर काय पेपर वाचून राहिलो होतो काय? हात लाव इथं."

मला कळेना. मग कळलं, आणि मग तर हात उचलेचना. लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या पायांना हात लावत आलेय. सणाला, वाढदिवसाला, गावाला निघताना. त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं तुटलेलं नख मला डोळे मिटून सांगता येईल. पण गुडघ्याच्या वरचे सासरे माझ्यासाठी फक्त बोलण्यापुरते होते. मी इतके महिने चिठ्ठीला दोष देत होते.

"कसा लावू, बाबा?" मी म्हटलं.

"त्या बाया जावयाले लावतेत ना पदर घेऊन? तू बी घे."

मी टी-शर्ट आणि ट्रॅकपँटमध्ये होते. दाराच्या मागे बाबांचा पंचा टांगलेला होता. तो मी डोक्यावरून घेतला, चांगला नाकापर्यंत ओढला आणि हात ठेवला. बनियनखाली बरगडीवर हाड जुळल्याचा एक उंचवटा लागला. त्याच्या शेजारी ठोके. इतके जवळ, इतके कामात असलेले, की मी पटकन हात काढून घेतला.

"जागा कळली? आता दाबू नको. चालू इंजिनाले कोनी धक्का मारत नाई."

मग त्यांनी पलंगावरचा लोड खाली ओढला आणि मला त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसवलं. कोपर सरळ, खांद्याचं वजन खाली, पूर्ण सोड, परत दाब. कंवरसाच्या वर्गात गाण्यावर ताल धरायचे. बाबांनी गाणं घेतलं नाही. त्यांनी रुळांच्या सांध्यांवरून जाणारी मालगाडी तोंडाने वाजवली, "धडक, धडक, धडक," आणि मी मंद झाले की म्हणायचे, "मलकापूर गेलं नाई अजून, चल." पंचा घामाने डोळ्यांवर येत होता. मध्येच कस्तुरी आली, लोडाशेजारी उताणी झोपली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मला पण दबाओ ना." तिला बाजूला केलं तर तिने आपली बाहुली आणून झोपवली. भुसावळ येईपर्यंत माझे खांदे भरून आले होते. बाबा म्हणाले, ॲम्ब्युलन्स आली. मी आडवी झाले. आम्ही तिघं छताकडे पाहत पडून राहिलो.

त्या आठवड्यात सोनमचा फोन आला. नेहमीसारखेच प्रश्न: घरात किती माणसं, कुणी आजारी पडलं का. मग तो. छाती दबाना आता है?

बाबा त्यांच्या खोलीत खुर्चीत बसून वरण-भात खात होते. खोटं सांगितलं असतं तर त्यांनी ताट बाजूला ठेवलं असतं, तीस वर्षं गार्ड होते.

"आता है," मी म्हटलं.

तिने अगदी हळू आवाजात विचारलं, रोहिडातल्या कुणी शिकवलं का.

"नहीं। मरीज़ ने।"

"ये ऑप्शन में नहीं है," सोनम म्हणाली. मला वाटलं आता ती थँक्यू म्हणून ठेवेल. पण तिने विचारलं, आणि हा प्रश्न तिच्या यादीतला नसावा, "दीदी, सच में कुछ हुआ तो कर लोगी?"

मी बाबांकडे पाहिलं. ते चमच्याने वरणातलं लिंबाचं बी बाजूला काढत होते, अगदी मन लावून, ऐकूच येत नसल्यासारखे. कॅमेऱ्याचा लाल दिवा त्यांच्या डोक्यामागे लागलेला होता. दाराच्या मागे पंचा.

"कर लूँगी," मी म्हटलं.

"दिवाळीची वाट पाह्याची गरज नाई, सांग तिले," बाबा म्हणाले. "आन् मीठ कमी हाय."