दांड्यात आलेल्या पाकळ्या

विनोदिनीबाईंनी लसणाचा एक दांडा वाकवून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. मातीच्या चार बोटं वर दांडा फुगलेला, साल फाटलेली, आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढ्या जांभळट पाकळ्या. लसूण जमिनीखाली पोसतो. हा मधेच, हवेत पोसून राहिला होता.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घराच्या या मागच्या अंगणात त्यांनी एकेचाळीस वर्षं लसूण लावला. बियाणं त्यांच्या आईचं, आर्वीचं, लग्नात पदराला बांधून आणलेलं. दरवर्षी निवडक गड्ड्यांची जुडी खुंटीला, दसरा झाला की वाफ्यात. ते बियाणं घराबाहेर कुणालाच मिळालं नव्हतं. नणंद मंदाकिनीने नागपुराहून दोनदा मागितलं, तेव्हाही नाही. आणि असा वेडाचार त्या लसणाने कधी केला नव्हता.

"गंधाली, युरिया टाकला का तू?"

सून हात पुसत दारात आली. "नाही आई."

"मग काय हवेनं पोट राहिलं याले? तुह्या माहेरी गुलाबालेही युरिया देतात, मले माहीत आहे."

गंधालीने ओठ आवळले. "हर बार मीच काहून? बाबांना विचारा."

विनोदिनीबाईंचे यजमान बाबाराव ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

"वाफ्यातलं ते बियाणं तुझं नाहीच," ते पेपराआडून म्हणाले. "मंदाचा फार जीव होता त्याच्यावर. श्रावणात गेलो तेव्हा जुडी नेऊन दिली. खुंटीले बाजारचा लसूण बांधला. एकसारखाच तर दिसते."

"अख्खी जुडी?"

"अर्धी नेली असती तर तुले कळलं असतं."

विनोदिनीबाई पायरीवर बसल्या. वाफ्याला हळदकुंकू वाहून, आईचं नाव घेत, एकेक पाकळी त्यांनी बोटाने मातीत दाबली होती. गंधाली मागून पाणी घालत होती. मुलाने, निरंजनने, तर फोटो काढला होता.

"निरंजनलेही माहीत?"

"हव," सून जमिनीकडे पाहत म्हणाली. "बाबा बोले, बात मत बढ़ाओ."

"म्हणजे या घरात मीच एक परकी."

त्यांनी तिथेच बसून नणंदेला फोन लावला. काय बोलायचं ते ओठावर तयार होतं, आणि त्यातलं काहीच गोड नव्हतं.

"वहिनी," मंदाकिनीच आधी बोलली, "लसूण असा जोरात आला, काय सांगू. दादा म्हणे, वहिनीनं रुसवा सोडून आपल्या हातानं काढून दिला. मी तर रडलीच."

विनोदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चोरी केली ती केली, वर बायकोच्या नावाने दानही करून आले होते. आता नाही म्हणावं तर कुंकवाचा धनी लबाड ठरतो. बियाणं मागावं तर आईच्याच मालासाठी नणंदेपुढे पदर पसरणं आलं.

"हो, मीच दिला," त्या म्हणाल्या. "काढल्यावर उन्हात नको टाकू, सावलीत वाळव. आणि बियाण्याची रीत माहीत आहे ना? एक जुडी नेली की दोन परत करा लागते. दसऱ्याच्या आधी."

"करते न. दादाजवळ देऊ?"

"दादाजवळ नाही. तूच घेऊन ये."

त्यांनी फोन ठेवला तसा बाबारावांनी पेपर गुंडाळला. "चला, मिटलं एकदाचं."

"बियाणं येईल परत," विनोदिनीबाई म्हणाल्या. "तुमचं खोटं मले माह्या तोंडानं खरं करा लागलं. ते कोण परत घेईल?"