सातव्या ओट्यावरच्या दोघी

आमचा जुना मासळीबाजार पाडून बरीच वर्षं झाली. तिथं आता काय आहे ते बघायला मी जात नाही. पण विचारलंत तर डोळे मिटून दरवाज्यापासून बेचाळीस ओटे सांगेन. कुणाची टोपली कुठं, कुणाचा कोयता बोथट, कोण गिऱ्हाईकाला गोड बोलून कालची कोलंबी द्यायची, सगळं.

सातवा ओटा माझा. म्हणजे अर्धा. सासू जाताना सांगून गेली होती, थोरलीनं सकाळी बसायचं, धाकटीनं संध्याकाळी. थोरली मी, धाकटी माझी जाऊ हौसा. असे बारा ओटे दोघी-दोघींचे होते. दुपारी दोनला सकाळची उठायची, ओटा धुवायची, संध्याकाळची बसायची. कागद कुणाकडं नव्हता आणि कुणाचं अडलंही नव्हतं.

हौसाशी मी अकरा वर्षं बोलत नव्हते. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, "आमच्या वैनीचं पापलेट बर्फातलं, पण तोंड कसं ताजं हाय बघा." पाहुणे पोट धरून हसले. मी हसले नाही. तेव्हापासून ती दिसली की मी उठायची. राग जास्त असला तर ओटा अर्धवट धुवायची, खवले तिच्यासाठी ठेवायची. दुसऱ्या सकाळी मला तिचे खवले मिळायचे. आमचा पत्रव्यवहार तेवढाच.

सत्त्याण्णव साली नवा बाजार बांधून झाला आणि नगरपालिकेच्या कचेरीनं आमच्या बायांच्या मंडळाकडं यादी मागितली. एका रकान्यात ओट्याचा नंबर, दुसऱ्यात नाव, कॉम्प्युटरवर छापलेली. यादीत नाही तिला नव्या बाजारात जागा नाही. मंडळाची अध्यक्ष मी. शाळा चौथीत सोडली, पण बाजारात माझ्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

माझी सून पद्मजा खांदा कॉलनीतल्या नोकरदार घरातली. माझा मुलगा हरेश न्हावा शेव्याला पोर्टात कारकून, त्यानं स्वतःच पसंत केली. बोंबील हातात धरताना तोंड वाकडं करायची, पण कॉम्प्युटर क्लासात पोरांना शिकवायची. बर्फवाल्यासाठी तिनं आधीच एक यादी केली होती. बर्फ सकाळीच वाटला जायचा, म्हणून त्यात सकाळच्याच बाया. आता संध्याकाळच्या भरायच्या, म्हणून एका दुपारी मी तिच्याबरोबर क्लासात जाऊन बसले.

पहिल्याच बाईला मशीन अडलं. तीन नंबरवर कमळाबाई होतीच, तिची सून घालायला गेलो तर टुंग करून वाजलं.

"आई, मीच तसा नियम घातलाय," पद्मजा म्हणाली. "एक नंबर एकदाच. चुकून दोनदा नको म्हणून."

"मग काढ तो नियम."

"काढून नाही भागणार. कचेरीत एका नंबरावर दोन नावं बघितली तर एक खोडतील. तीन-अ, तीन-ब असं करते. पण या रकान्यात फक्त आकडा बसतो. अक्षर बसवायचं तर रकान्याची जात बदलावी लागेल."

"हरेशनं लग्नात जात बघितली नाय, आन् तू रकान्याची बघतंस?"

ती हसली आणि बटणं दाबायला लागली. पुन्हा टुंग. मग तिनं मला समजावलं. या नंबरावर एक इंडेक्स बांधलेला असतो, त्यामुळं नंबर मारला की सगळी यादी न चाळता ती बाई सापडते. त्यावरच तो एकदाच-चा नियम. आणि कुणाला किती बर्फ, ती दुसरी यादी याच नंबराला जोडलेली. इतकं सगळं लटकत असताना मधला रकाना बदलता येत नाही.

"म्हंजे बायांना बसवून ओटा धुता येत नाय," मी म्हटलं.

"अगदी तसंच."

मग आधी तिनं सगळं एका फ्लॉपीवर उतरवून घेतलं. बर्फाच्या यादीची जोडणी सोडवली, इंडेक्स काढला, नियम काढला. दोन्ही याद्यांमधला रकाना बदलला. एकच बदलला असता तर बर्फ कुणाचा ते कळलंच नसतं, असं म्हणाली. मग इंडेक्स पुन्हा बांधला आणि यादी पडद्यावर आणली. एक, दहा, अकरा, बारा. एकोणीसनंतर दोन.

"हे काय गं? शिवाची आई दोनवरची, ती वीसच्या शेजारी कशाला गेली? तिची टोपली कोण बघेल?"

"आता ही अक्षरं झाली ना आई. मशीन पहिलं अक्षर आधी बघतं. पुढं शून्य लावूया, शून्य दोन." तिनं लावलं आणि बाया आपापल्या जागी आल्या. मी प्रत्येकीचं नाव मोठ्यानं वाचून खात्री केली. माझं वाचन हळू, पण तिथं मला कुणी घाई करणार नव्हतं.

मग मी संध्याकाळच्या सांगत गेले, ती सकाळचीला अ, संध्याकाळचीला ब लिहीत गेली. तीन-ब. पाच-ब. आठ-ब दीपिका. अकरा जोड्या झाल्या. मुद्दाम नाही असं म्हणणार नाही, सातला मी ओलांडून गेले होते.

शेवटी तिनं बर्फाची यादी परत जोडली, नियम पुन्हा घातला, या वेळी नंबर आणि अक्षर मिळून एकदाच. मग माझ्या नावावर थांबली.

"तुमचं कसं लिहू? एकटीचा असेल तर नुसतं सात. दोघींचा असेल तर सात-अ."

तिला काय माहीत नव्हतं? घरात राहायची, तिला सगळं माहीत होतं. तरी माझ्याकडं न बघता विचारलं, हा तिचा शहाणपणा.

नुसतं सात लिहिलं असतं तर अख्खा ओटा माझा, दोन्ही वेळ. हौसाला वाचता येत नव्हतं. दीर जगन ज्या मिठागरात कामाला होता ते पोर्टात गेलं होतं, तेव्हापासून तो घरी बसून होता आणि चूल चालायची ती हौसाच्या संध्याकाळच्या टोपलीवर. हेही मला माहीत होतं. अकरा वर्षांचा राग एका अक्षरात फिटत होता. ते अक्षर न लिहायचं, एवढंच.

मला उगाच हरेशच्या बाळंतपणाचं आठवलं. मी दोन महिने अंथरुणाला खिळले होते. हौसानं दोन्ही पाळ्या केल्या. सकाळी माझ्या जागेवर टोपली ठेवायला दोघी-तिघी टपल्या होत्या. हिनं कोयता पुढं करून म्हटलं होतं, "वैनी येईपर्यंत इथं माशीसुदीक बसनार नाय." तेव्हा कुठं यादी होती? तिची जीभच यादी.

"अ लाव," मी म्हटलं. "आन् खाली हौसा जगन लिही. ब."

पद्मजानं लिहिलं आणि लगेच छापायला घेतलं. बरं केलं. विचारत बसली असती तर मी तिला झाडली असती.

नव्या बाजारात पहिल्या दिवशी दाराशी यादी चिकटवली होती. दुपारी दोनला मी ओटा धूत होते. दीपिकानं हौसाला वाचून दाखवलं. हौसा टोपली घेऊन सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"मना ब का लावलं?"

अकरा वर्षांनी बाईनं तोंड उघडलं ते यासाठी.

"धाकटी हायस म्हनून," मी म्हटलं. "आन् संध्याकाळ सकाळच्या नंतर येते म्हनून."

"कमळाबाईच्या सुनेला पन ब, मना पन ब? ती काल आली बाजारात."

"मग जाऊन भांड कॉम्प्युटरशी."

"तुज्याशीच भांडेन. तो मशीन काय उत्तर देतो?"

त्या दिवशी मी दोनला ओटा सोडला नाही. ती माझ्या शेजारी टेकून सुरमई कापत राहिली आणि भांडत राहिली. ब-ची अ करून दे, नाहीतर दोघींना अ दे, नाहीतर अक्षरच काढून टाक. एक अक्षर दोघींना चालत नाही, हे मी तिला चार वेळा सांगितलं, तिनं चारही वेळा ऐकून सोडून दिलं. गिऱ्हाईकं आली, गेली. कुणीतरी विचारलं, ओटा कुणाचा? आम्ही दोघींनी एकाच वेळी म्हटलं, "माजा."