हरवलेल्या वस्तूंची पेटी

शाळेत समुपदेशक बाई आल्या त्याला दोन महिने झाले, पण त्यांच्या खोलीकडे चिटपाखरू फिरकेल तर शपथ. मुलांचंही बरोबरच होतं म्हणा. खोली मुख्याध्यापकांच्या दाराला लागून आणि समोर अख्खं मैदान. कुणी आत पाऊल टाकलं की मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर बोभाटा.

शिपाईमावशींना हे बघवत नव्हतं. त्यातून दहावीतल्या दोन वेण्यांवाल्या मुलीने त्यांच्या जिवाला घोर लावला होता. सराव तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला तिची दातखीळ बसली आणि ती रडत पळाली. खरी परीक्षा पुढच्या शुक्रवारी. तिथूनही पळाली तर वर्ष हातचं जाणार. पोरगी रोज बाईंच्या दारापर्यंत यायची आणि ऐनवेळी पाण्याच्या नळाकडे वळायची. व्हरांडा झाडताना मावशींनी हे चारदा पाहिलं.

पाचव्या दिवशी त्यांनी जिन्याखालची हरवलेल्या वस्तूंची पेटी उचलली आणि सरळ बाईंच्या टेबलाशेजारी आणून आदळली.

"अहो मावशी, हे काय?" बाई दचकल्या.

"जिन्याखाली ओल येते."

ओल कसली, जिना ठणठणीत कोरडा होता.

दुपारी त्या मुलीची पाण्याची बाटली गेली. मावशींनीच ती बाकावरून उचलून पेटीत टाकली होती. वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली चोरी. हात चक्क थरथरले.

"बाईंच्या खोलीत बघ जा," त्यांनी मुलीला साळसूदपणे सांगितलं.

बाटली सापडायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी तिची पट्टी हरवली, मग डब्याचं झाकण. या दोन्हींना मात्र मावशींनी हातही लावलेला नव्हता. खोलीत बाई परीक्षक व्हायच्या, मुलगी उत्तरं द्यायची, आणि अडली की दोघी घोटभर पाणी प्यायच्या.

शुक्रवारी परीक्षा देऊन ती उड्या मारतच बाहेर आली. "मावशी, दोनदा अडखळले, पण पळाले नाही! सगळी उत्तरं दिली!"

मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग मुलीने इकडेतिकडे पाहिलं, दप्तरातून एक निळी टोपी काढली आणि हळूच त्यांच्या हातात कोंबली. "ही पेटीत टाका ना."

"कुणाची गं?"

"माझ्या मैत्रिणीची. तिला बाईंशी बोलायचंय, पण दारातूनच परत फिरते. म्हणून मीच ढापली."

मावशींनी टोपी घेतली आणि बाईंच्या खोलीकडे निघाल्या. या खेपेला हात अजिबात थरथरले नाहीत.