ब्याण्णवाव्या पानावरचे तीन सेकंद

लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घेणारी बाई होती ती. कुणाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, कुणाचं दार मिटेना, की फोन हिच्या कानाला. एक फोन ठेवल्यावर दुसरा येईपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात तिने तक्रारवहीच्या मागच्या पानांवर अख्खी कादंबरी लिहून काढली. साहेबाला वाटायचं, बाई नोंदी किती मन लावून करते.

कादंबरी पुढच्या काळातली होती. त्यात एका म्हाताऱ्याची काठी होती, आणि म्हातारा पडायच्या बरोबर तीन सेकंद आधी ती म्हणायची, "सांभाळा." लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. अकरा आवृत्त्या निघाल्या. घरात तिचं नाव पडलं लेखिकाबाई, आणि ते काही कौतुकाने पडलं नव्हतं. सासूबाईंचा उभा जन्म मशीनवर लोकांचे कपडे शिवण्यात गेलेला. त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. काठीने बोलायचं आणि माणसांनी गप्प बसायचं, असलं त्यांना नको होतं.

मग एक दिवस तो इंजिनियर दारात आला. तिशीतला, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात तारा लोंबणारी काठी. म्हणाला, ही काठी खरी करायची आहे आणि तुमच्याशिवाय ती करायची नाही. लेखिकाबाईने लिफ्टची नोकरी सोडली. बंद पडलेलं चपलांचं दुकान दोघांनी भाड्याने घेतलं. जिथे चपलांचे खोके असायचे त्या फळ्यांवर आता काठ्या उभ्या राहिल्या, आणि भिंतीवर चौकटीत बसवलं पुस्तकाचं ब्याण्णवावं पान, काठीचं वर्णन असलेलं.

त्या दुकानाची कामाची रीतच निराळी होती. काठीचा आवाज बाईचा की पुरुषाचा, पान बघा. मूठ काळी की तपकिरी, पान बघा. आणि किती आधी बोलायचं? तेही पानावर होतंच. तीन सेकंद.

तिथेच घोडं अडलं. माणसाचा तोल गेला की तो सावरायला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. तीन सेकंद आधी सांगायचं म्हणजे काठीला ज्योतिषच शिकवायचं. मग काठी अंदाज बांधू लागली. कुणी चप्पल घालायला वाकलं, सांभाळा. कुणी शिंकलं, सांभाळा. वृद्धाश्रमात बारा काठ्या वापरायला दिल्या, तर आठवड्यात अकरा जणांनी बॅटरी काढून उशीखाली ठेवली. बारावे आजोबा ठार बहिरे होते, त्यांची तेवढी काठी चालू राहिली. आश्रमाच्या बाईंनी आणखी एका महिन्याची सवड दिली. तेवढ्यात जमलं नाही तर काठ्या परत, आणि दुकानाला कुलूप.

इंजिनियर जेवणखाण विसरून तीन सेकंदांच्या मागे लागला. लेखिकाबाई चहा करून द्यायची आणि गप्प राहायची. कारण एक गोष्ट तिलाच ठाऊक होती, आणि ती सांगायची तर इतकी वर्षं व्यासपीठावर जिला दूरदृष्टीची लेखिका म्हणत आले, ती बाई खाली उतरणार होती.

एका दुपारी सासूबाई, घरी वापरून बघायला आणलेली काठी उंच करून पडदा सरकवत होत्या. काठी ओरडली. सासूबाई दचकल्या, टेबलाची कड हाताला लागली म्हणून वाचल्या. खुर्चीत बसून त्यांनी आधी बॅटरी काढली, मग सुनेला हाक मारली.

"मी पडत नव्हते. ही ओरडली म्हणून पडत होते. तीन सेकंद, तीन सेकंद चाललंय तुमचं. कुठून आणलेस हे तीन?"

लेखिकाबाई पडदा नीट करायला वळली. पण शिवणाऱ्या बाईसमोर चुकलेली शिवण किती वेळ लपणार? तिने सांगून टाकलं. पहिल्या खर्ड्यात एकच सेकंद होता. पण गोष्टीतली मुलगी दुसऱ्या खोलीत बसलेली, एका सेकंदात ती बापापर्यंत पोचेना. तिला पोचवायचं होतं, म्हणून तीन केले.

"म्हणजे मुलीच्या मापाचं बापाला शिवलंस," सासूबाई म्हणाल्या. "जा, आणि तूच उसव. दुसऱ्या कुणाला उसवायला लावू नकोस."

दुकानात जाईपर्यंत तिने चार प्रकारे वाक्य जुळवलं. तिथे पोचल्यावर एकही कामी आलं नाही. साधंच सांगितलं. आकडा मनाने घातला होता, त्यामागे कसलाही अभ्यास नव्हता.

इंजिनियरने हातातली सोल्डरिंगची कांडी जपून स्टँडवर ठेवली.

"बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो, ताई. पुस्तक वाचलं आणि मोजून पाहिलं. तीन सेकंद मिळाले असते तर मी पोचलो असतो."

त्याचे वडील गेलेत हे तिला माहीत होतं. हे नव्हतं. खोटं बोलायचा धंदाच होता तिचा, या क्षणाला एखादं मऊ खोटं तिला सहज सुचलं असतं.

"पोचला असतास," ती म्हणाली. "पण ते सेकंद कुणाकडेच नव्हते रे. तुझ्याकडेही नव्हते. मी फक्त लिहिले."

त्याने चौकट भिंतीवरून उतरवली आणि पान आतल्या बाजूला करून टेकवून ठेवली. दोन दिवस फिरकला नाही. तिने मनाशी दुकान आवरायलाही घेतलं. तिसऱ्या दिवशी आला तो डोळे सुजलेले, पण दाढी केलेली. विचारलं, "अर्ध्या सेकंदात काय काय होऊ शकतं?"

आता तिला तक्रारवहीच्या पुढच्या पानांवरचं आठवलं. लिफ्टचा दोर तुटला तर लिफ्ट कुणाला सांगत बसत नाही. दोन्ही बाजूंच्या रुळांना जबडे आवळते आणि जिथल्या तिथे थांबते. मग काठीला तरी तोंड कशाला?

तोंड काढून टाकलं. काठीच्या बुडाला तीन छोटे पाय बसवले. तोल जायला लागला की ते खटकन फाकायचे आणि काठी खांबासारखी उभी राहायची. आश्रमातल्या बाराही काठ्या अशा बदलून दिल्या.

महिन्याच्या शेवटी दोघं आश्रमात गेले तेव्हा बाराही काठ्यांत बॅटऱ्या जागेवर होत्या. एक आजी उंबऱ्यात अडखळल्या होत्या आणि काठीला मिठी मारून उभ्या राहिल्या होत्या, हे त्यांनीच तीनदा सांगितलं. बहिऱ्या आजोबांची तेवढी तक्रार होती की नव्या काठीत नवीन काहीच नाही. आश्रमाच्या बाईंनी आणखी चाळीस मागितल्या.

त्याच आठवड्यात बाराव्या आवृत्तीची तपासायची पानं आली. ब्याण्णवाव्या पानावर लेखिकाबाईने लाल पेन टेकवलं. इंजिनियर खांद्यावरून बघत होता.

"तिथे तीनच राहू दे, ताई," तो म्हणाला. "पुस्तकात तरी मुलगी पोचू दे."

तिने पेनाला टोपण लावलं. त्याने चौकट पुसली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.