एस्तेर मिसचा पेला

पाकिस्तानातल्या गुजराँवाल्यातली दुपार, ऊन नुसतं भाजून काढत होतं. हिबाला गणित शिकवायला आलेल्या एस्तेर मिसचा घसा कोरडा पडला. सिंकखालचा तिचा वेगळा पेला कुणी काढून द्यायची वाट न बघता तिनं समोरचा काचेचा ग्लास उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली.

"हाय अल्ला! ग्लास बाटवला की गं!" अम्मी किंचाळली. एस्तेर ख्रिस्ती, आणि ख्रिस्त्यांची भांडी वेगळी, हा या घरचा जुना रिवाज.

अम्मीची लेक, म्हणजे हिबाची आई तहमीना, शाळेत शिकवताना पोरांना रोज सांगायची, सगळ्यांना घडवणारा एकच. आणि आता? तिनं तो ग्लास नळाखाली धरला आणि कलमा म्हणत तीनदा धुतला. लहानपणी लावलेलं वळण, हात आपोआप करून मोकळे झाले! एस्तेर बघतच राहिली. वह्या आवरून गेली ती परत आलीच नाही.

"त्यांच्या हातचं आपल्याला हलाल आहे, कुराणातच आहे ना, अम्मी?" तहमीना वैतागली. "मग हे कुठून आणलंत?"

"माझी आई काय काफर होती? चार पुस्तकं वाचलीस आणि निघालीस मला अक्कल शिकवायला!"

भिंतीशी बोललेलं बरं!

शेवटी हिबाला घेऊन तहमीना ख्रिस्ती वस्तीत माफी मागायला गेली. एस्तेरच्या आईनं लगबगीनं खाट झटकली, दुकानातून सरबताची बंद बाटली आणून पुढं ठेवली.

"घ्या बीबी. आमचा हात लागलेला नाही."

तहमीनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला तुमच्या घरातलं पाणी द्या, खाला."

"इथं कोण बघतंय, बाजी?" एस्तेर म्हणाली. "तुमच्या घरी, अम्मींच्या देखत, मला शेजारी बसवून जेवू घालाल?"

अम्मी काय म्हणेल ते तहमीनाला ठाऊक होतं. पण ती म्हणाली, "शुक्रवारी ये."

शुक्रवारी एस्तेर दारात आली आणि अम्मी बोचकं उचलून मुलाकडे निघाली. "ती तरी, नाही तर मी तरी!"

तहमीनानं हात धरला, विनवलं, रडली. पण एस्तेरला परत जा म्हणाली नाही. अम्मी रिक्षात बसून गेली. जन्मदात्या आईला एका माणसाचं जेवणं इतकं जड जावं! तहमीनाला संताप आवरेना.

"नानी आता येणारच नाही?" हिबानं घाबरून विचारलं.

"तिचंही ताट मांड," डोळे पुसत तहमीना म्हणाली. "आली तर इथंच बसेल. आपल्या सगळ्यांबरोबर."