पान्हा चोरलेली म्हैस

कसबा बावड्यात माझा गोठा आहे. संध्याकाळी म्हशी शहरातल्या दूध-कट्ट्यावर नेतो, गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरून देतो. वीस वर्षांत म्हशीवर हात उगारला नाही. मार खाल्लेली म्हैस पान्हा चोरते. मग कितीही गोंजारा, थेंब देत नाही.

पोरीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण कुठं गेलं होतं कोण जाणे. संयोगिता दहावीला. मोबाईलपायी मार्क घसरले, तसा तो मी दगडावर आपटला आणि तिच्या कानाखाली दिली. बायको प्रियदर्शनीची तऱ्हा उलटी. पोरीचे डोळे भरले की ही पाघळली. मी दावं आवळायचं, हिनं मागून सोडायचं.

शनिवारी दुपारी भुशाच्या पोत्यात हात घातला, तर बायकोचा जुना फोन हाताला लागला. लॉकही नव्हतं, उघडून मेसेज वाचले. पोरीशी बोलणारा कुणीतरी बिननावाचा, फोटोच्या जागी गुलाब. चार महिने रोज तेच. जेवलीस का? पेपर कसा गेला? आज मारलं का? पोरीनं लिहिलं होतं, "तुम्हीच तेवढं विचारता." त्याचा शेवटचा निरोप, "रविवारी स्टँडवर ये. घरात सांगू नकोस."

फोन घेऊन तसाच घरात गेलो.

"ह्यो फोन तू दिलास?" मी बायकोवर ओरडलो.

"व्हय, दिला!" ती रडत म्हणाली. "तुमच्या भ्यानं पोरगी घुमी झालती. वाटलं, मैत्रिणींसंगट बोलंल. म्हशीला गोंजारतासा, पोरीला कधी जवळ घेतलंसा?"

चूक दोघांची होती, पण सुरुवात माझी.

पोरीच्या खोलीत गेलो. जिभेवर आलेली शिवी गिळली. म्हशीला चुचकारतो तो आवाज काढायला गेलो.

"संयू, जेवलीस का गं?"

तिनं दचकून दोन्ही गाल झाकले. "मोबाईल न्हाय माझ्याकडं, पप्पा."

"मोबाईल नगं मला. त्यो कोण हाय, तेवढं सांग. मारत न्हाय."

डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर ती भिंतीला चिकटली. आम्ही नवराबायको उंबऱ्यावर बसून विचारत राहिलो. हूं नाही की चूं नाही. मला रडू आलं, तेही तिनं बघितलं नाही.

गोठ्यात म्हशी हंबरायला लागल्या, धारेची वेळ झाली होती. मी उठलो आणि खोलीला बाहेरून कडी घातली. मला तेवढंच येत होतं.